आसपास काही बदल?

“वारा दरवर्षी कमी होत चाललाय इथला, वाहेदभाई,” योगिनी मॅडम म्हणाल्या आणि बाजेवर ठेवलेला लॅपटॉप त्यांनी आमच्याकडे फिरवला.

वाहेद हसला. अगदी मनापासून हसला. “काहीबी काय म्याडम! म्या सात वर्षांपासून हितंच बसून राह्यलो. परवा माहा गमछा उडाला तं थेट रंगरावच्या वावरात जाऊन पडला. इचारा मास्तरले.”

मास्तर म्हणजे मी. भगवंतराव, सुलतानपूरचा पोस्टमास्तर. जन्मात कुणाला शिकवलं नाही, पण गावाने मास्तर म्हणायचं ठरवलं की आपण कोण नाही म्हणणार! पुण्याच्या मॅडम येणार, इंग्रजीत बोलणार, म्हणून वाहेदने सकाळीच मला चहावरून उठवून पठारावर आणलं होतं. मॅडम सगळं मराठीतच बोलत होत्या. माझी काही गरज नव्हती, पण आता उठून जाणंही बरं दिसत नव्हतं.

मे महिना होता. पठारावर दगड तापले होते. मॅडम जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांच्या तोंडाला ओढणी गुंडाळलेली होती. झाडांच्या सावलीत टाकलेली बाज बघून त्या म्हणाल्या होत्या, “अरे वा, काय गार आहे इथे!” त्यावर वाहेदची छाती अशी फुगली की बोलायची सोय नाही. त्याच्या बायकोने, ताहेराबाईंनी, माठातलं पाणी आणलं आणि दम लागला म्हणून तिथेच दगडावर बसल्या. खोपडीतून बाजेपर्यंतच्या वीस पावलांतही त्यांना हल्ली दम लागायचा. वर्षानुवर्षं कापसाचा बारीक तूस छातीत गेलेला, तो आता बाहेर निघायला तयार नव्हता.

समोर तो खांब उभा होता. साठ-पासष्ट फुटांचा लोखंडी खांब, चारी बाजूंनी तारांनी ताणलेला, वर तीन वाट्यांचं भिंगरीसारखं यंत्र. वारा आला की वाट्या फिरणार, किती फिरल्या ते खालच्या पेटीतल्या चिपवर उमटणार. वाहेदचं काम म्हणजे खांबाची राखण करायची आणि महिन्याला चिप बदलायची.

मॅडमच्या लॅपटॉपवर देशाचा नकाशा होता. सगळ्या देशाचे बारीक बारीक चौकोन पाडलेले आणि प्रत्येक चौकोनाला रंग. मॅडम समजावून सांगत होत्या. पुढच्या वीस वर्षांत देशाच्या विजेत वाऱ्याचा वाटा किती वाढवता येईल, त्याचं गणित पुण्यात त्यांची संस्था मांडत होती. दक्षिणेत वारा पडला तर गुजरातेत असतो का, दोन्हीकडे पडला तर तिसरं कोण भार उचलेल, हे तासातासाचं बघायचं. मग कुठे पवनचक्क्या उभ्या करायच्या त्या जागा त्यांचं संगणकातलं मॉडेल निवडणार. मला निम्मं कळलं. वाहेदला, मला वाटतं, माझ्यापेक्षा जास्त कळलं.

“म्हंजे हितला वारा दिल्लीच्या पंख्याले,” तो म्हणाला.

“तसंच,” मॅडम हसल्या. “आणि हा चौकोन म्हणजे आपण.”

पहिल्या वर्षी तो हिरवा होता. मॅडम एकेक वर्ष पुढे सरकवत गेल्या. हिरव्याचा पोपटी झाला, पोपटीचा पिवळा झाला. शेवटच्या वर्षी पांढरा.

“पांढरा म्हंजे?”

“म्हणजे इथे चक्क्या लावून उपयोग नाही, असं मॉडेल म्हणतंय.”

मग दगडावरून ताहेराबाईंचा आवाज आला. “मंग माह्या अकीलचं?”

अकील हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मेहकरला आयटीआय केलं, वायरमनचा कोर्स. कागद हातात आला आणि तालुक्यात त्याला बल्ब बदलायचंही काम मिळालं नाही. ती वर्षंच तशी होती. गावात सगळ्यांनी नवं बीटी बियाणं पेरलं, पहिली दोन वर्षं घराघरांत छताला लागेपर्यंत कापूस भरला, लोकांनी मोटारसायकली आणल्या. मग पावसाने दगा दिला, पानांवर लाल्या रोग आला आणि बोंडं झाडावरच चिमली. त्या वर्षांत माझ्या खिडकीतून कलेक्टर कचेरीला जी रजिस्टर पाकिटं गेली, त्यांतल्या कितीतरी पाकिटांवर पाठवणाऱ्याच्या जागी बाईचं नाव असायचं आणि नावाआधी ‘कै. अमुक यांची पत्नी’. मी शिक्के मारत होतो. दुसरं काय करणार होतो मी?

अकील भिवंडीला गेला. कापडाच्या गोदामात गाठी उचलतो. जाताना आईला म्हणाला होता, पवनचक्क्या आल्या की त्यांना वायरमन लागतीलच, मग मी एक दिवस तिकडे राहणार नाही. तेव्हापासून ताहेराबाई त्या खांबाकडे डोळे लावून बसल्या होत्या. वाहेदच्या घरात दुसरी कुठलीच वाट नव्हती. ही एकच होती, आणि ती त्या तीन वाट्यांवर अवलंबून होती.

वाहेद जातीचा पिंजारी. बाप, आजा सगळे पिंजारी. खांद्यावर कापूस पिंजायची पिंजण टाकून, तिची तात टणटण वाजवत त्याचा बाप गल्लीत आला की आम्ही पोरं मागे धावायचो. वाहेद माझ्याच वयाचा, पण बापाबरोबर तोही रुबाबात चालायचा. पुढे लोणारला पिंजायचं मशीन आलं, मग फोमच्या गाद्या आल्या. सगळा मुलूख कापसाने पांढरा झाला आणि पिंजाऱ्याच्या हाताला मूठभर कापूस राहिला नाही. अशा वेळी रंगरावच्या पठारावर हा खांब उभा राहिला आणि राखणदार म्हणून वाहेदला ठेवलं. गावात सगळे हसले. मीही हसलो. कारण पिंजाऱ्याचं वाऱ्याशी कधी जमत नाही. पिंजायला बसताना भर उन्हाळ्यात खोलीची दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, नाहीतर कापूस घरभर. वाऱ्याची झुळूक आली की वाहेदचा हात आपोआप दाराकडे जायचा. असा माणूस वाऱ्याची राखण करायला बसला होता.

पहिल्याच उन्हाळ्यात तो माझ्या खिडकीशी येऊन कुरकुरला होता. “मास्तर, वारा लय तरास देऊन राह्यला. ताहेरा रजई भराले बसली का कापूस उडून जाते. तिले तेवढंच काम हाय, ते बी करू देत नाही.”

त्या वर्षी वनीकरणाची रोपं आली होती. वाटून उरलेली निलगिरीची बावीस रोपं माझ्या ओट्यावर पिशव्यांतच वाळत पडली होती. मीच म्हणालो, “ही घेऊन जा की. निलगिरीला बकरी तोंड लावत नाही. पश्चिमेच्या अंगाला लाव. ऊनही अडेल आणि वाराही अडेल.”

हे वाक्य माझं आहे. मी ते आता किती वेळा मनात म्हणतो, ते मलाच माहीत.

वाहेदने ती झाडं पोरांसारखी वाढवली. खालच्या हापशीवरून सायकलला दोन डबे बांधून पाणी आणायचा, चढ असा की सायकल ढकलावीच लागे. बावीसच्या बावीस जगली. सात वर्षांत चाळीस-पंचेचाळीस फूट झाली. त्यांच्या आडोशाला ताहेराबाई पाय पसरून रजया भरायच्या आणि कापसाचा एक पुंजका हलायचा नाही. मी वर गेलो की वाहेद झाडांवर हात फिरवत म्हणायचा, “बावीस पोरं हायेत माही, मास्तर. तेविसावा भिवंडीले.”

आणि दर महिन्याच्या एक तारखेला तो चिप पाकिटात घालून माझ्याकडे यायचा. सोबत एक छापील फॉर्म. वाहेदला उर्दू वाचता येतं, बाकी नाही, म्हणून फॉर्म मी भरायचो. पाच प्रश्न होते. खांब सरळ आहे का, तारा ताणलेल्या आहेत का, वाट्या फिरतात का, पेटीला कुलूप आहे का. पाचवा प्रश्न, आसपास काही बदल?

“वाहेदभाई, आसपास काही बदल?”

“हाव, झाला ना! तुमचे केस पिकले. लिवा.”

आम्ही हसायचो आणि मी लिहायचो, ‘नाही’. दर महिन्याला. सात वर्षं.

तर त्या दिवशी ताहेराबाईंनी अकीलचं विचारलं, आणि मॅडमनी लॅपटॉप मिटला. त्यांनी नजर वर उचलली. वर निलगिरीचे शेंडे जोरात हलत होते, त्यांची सळसळ एवढी होती की आम्हाला मोठ्याने बोलावं लागत होतं. मॅडमनी शेंड्यांकडे पाहिलं. मग वळून खांबाकडे पाहिलं. वाट्या रेंगाळत फिरत होत्या. मॅडम उठल्या आणि सावलीतून बाहेर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“ही झाडं कधीची?”

“माह्या हातची हायेत म्याडम!” वाहेद म्हणाला. “येकबी मरू देलं नाही.”

“पश्चिमेलाच का लावली?”

“ऊन तिकडूनच येते ना. अन् वारा बी तिकडूनच.”

बोलून झाल्यावर वाहेद थांबला. त्याने एकदा झाडांकडे पाहिलं, एकदा वाट्यांकडे. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. तो खाली बसला, बाजेच्या पायाला धरून.

मॅडमनी बॅगेतून एक कोरा फॉर्म काढला आणि मला दिला. “मागे वाचा.”

मी फॉर्म उलटा केला. सात वर्षांत मी तो कधीच उलटा केला नव्हता. मागे बारीक अक्षरांत इंग्रजीत सूचना होत्या. पाचव्या प्रश्नाखाली लिहिलं होतं की खांबाजवळ झाड, भिंत, छप्पर, काहीही वाढलं तर उंचीसकट कळवावं.

“काय लिवलं हाय मास्तर?”

मी वाचून दाखवलं. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली, दुसऱ्याच्या कागदात चुका काढण्यात हयात गेली, आणि मला कागदाची मागची बाजू बघायचं सुचलं नाही. लाज वाटली. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मी काही बोलणार तेवढ्यात वाहेद म्हणाला, “म्याडम, चूक माही हाय. मास्तर मले दर महिन्याले इचारत होते, बदल काय म्हनून. म्याच नाही सांगतलं. झाड वाढते, आता त्याले काय बदल म्हनतेत, असं वाटलं मले.”

आणि मी गप्प बसलो. ओट्यावरची रोपं मी दिली, पश्चिमेला लाव मी म्हणालो, फॉर्म मी भरला. तो माणूस माझ्यासमोर सगळं आपल्या अंगावर घेत होता आणि मी हातातल्या फॉर्मची घडी घालत बसलो.

जीपपाशी मॅडमनी मला बाजूला घेतलं. पंचविशीची पोर असेल. डोळे भरून आले होते. “सात वर्षांची मोजणी वाया गेली, काका. नव्याने मोजायचं तर पुन्हा तीन वर्षं, आणि आमचा प्रकल्प याच महिन्यात संपतोय. ऑफिसही बंद होतंय. जागांची यादी दिल्लीला गेली. पुढच्या महिन्यात माणसं येऊन खांब काढतील. यांना तुम्हीच सांगा. माझ्याच्याने नाही होणार.”

जीप गेली. मी परत झाडांखाली आलो. ताहेराबाई एका झाडाला धरून उभ्या होत्या.

“काय म्हने म्याडम? शुक्रवारी अकीलचा फोन येईन. काय सांगू त्याले?”

त्यांचा श्वास एवढा लागला होता की शब्द सुटे सुटे येत होते. मी म्हणालो, “झाडांमुळे घोळ झाला म्हणे. खांब नेतील आता, दुरुस्तीला. मग बघतील परत.”

“परत मोजतीन?” वाहेदने विचारलं.

“मोजतील की. न मोजून काय करतात!”

मला वाटलं, आजचा दिवस ढकलू. दोन-चार दिवसांनी वाहेदला एकट्याला गाठून खरं सांगू. दोन-चार दिवसांनी मी लोणारला बहिणीकडे निघून गेलो.

जूनमध्ये ट्रक आला, चार माणसांनी तारा सोडल्या, खांब आडवा केला, तुकडे केले, नेला. दुसऱ्याच दिवशी रंगराव पोस्टात आला. “मास्तर, त्या वाहेदचं डोस्कं फिरलं काय बे? पावसाच्या तोंडावर हिरवी झाडं तोडून राह्यला. म्या म्हनलं काऊन तोडतं, तं म्हने वारा मोकळा करून राह्यलो.”

मी खिडकी बंद केली आणि तसाच पठारावर गेलो. अकरा झाडं पडली होती. वाहेद बाराव्यावर घाव घालत होता. त्याचे तळहात फुटले होते, कुऱ्हाडीचा दांडा लाल झाला होता. वयाची पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यभर पिंजण धरलेली, कुऱ्हाड त्याच्या हातातली नव्हेच.

“राहू द्या, वाहेदभाई.”

“काऊन? तुमीच तं म्हनले, झाडानं घोळ झाला.” तो कपाळ पुसत म्हणाला. “परत येतीन मोजाले तं झाड दिसू नाही त्याइले. अकीलले सांगतलं म्या. थांब म्हनलं, जास्त दिवस नाही लागत आता.”

सांगायला हीच वेळ होती. अकरा गेली होती, अकरा उभी होती. मी तोंड उघडलं. ताहेराबाई खोपडीच्या दारात बसून आमच्याकडे बघत होत्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा तरतरी होती. मी तोंड मिटलं. मग मी सदरा काढून खुंटाला अडकवला आणि तोडलेल्या फांद्या ओढायला लागलो. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून उरलेली अकरा झाडंही आडवी केली. थू माझ्यावर.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला तो खोपडीचे पत्रे वाजवत सुटला. आडोसा राहिला नव्हता. ताहेराबाईंनी एकदा उघड्यावर रजई भरायला घेतली, तर सगळा कापूस उठला आणि पठारभर झाला. निलगिरीच्या खुंटांना पुंजके अडकून राहिले होते, मी बघितले. खोलीत दार लावून बसलं की त्यांचा श्वास कोंडायचा. त्यांनी सुया डब्यात ठेवून दिल्या. ईदला अकील आला नाही. फोनवर म्हणाला, अम्मी, इधरच खोली देखी है. ताहेराबाई त्याला म्हणाल्या, थोडा रुक बेटा, हवा गिनने आनेवाले हैं. फोन माझाच होता, मी शेजारी उभा होतो.

आणि वाहेद एक तारखेला येतच राहिला. चिप नव्हती, खांब नव्हता. कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा मात्र त्याच्याकडे शिल्लक होता आणि पत्ता छापलेली पाकिटंही होती. मी फॉर्म पुढ्यात ओढून घ्यायचो. पहिल्या चार प्रश्नांपुढे रेघ. मग पाचवा विचारायचो. विचारला नाही तर तो वाट बघत उभा राहायचा.

“आसपास काही बदल?”

“हाव. लिवा मास्तर. झाडं तोडली. बावीसच्या बावीस. आता मंधात काईच नाही. वारा भरपूर हाय.”

मी लिहायचो. मागच्या बाजूलाही लिहायचो, उंचीसकट. आधी पंचेचाळीस फूट, आता शून्य.

पहिलं पाकीट महिन्याभराने परत आलं. वर लाल शाईत, ‘या पत्त्यावर कोणी नाही’. मग दुसरं आलं, तिसरं आलं. तिन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, शिक्क्यांच्या डब्याखाली.

आज एक तारीख. वाहेद आला, टोपी काढून खिडकीशी उभा राहिला. ताहेराबाईंना आता उठवत नाही, म्हणाला. उशाशी बसून पाणी पाजावं लागतं. म्हणून लवकर जायचं होतं त्याला. मी प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं, मी लिहिलं. पाकीट डकवलं, वजन केलं, शिक्का मारला, पावती फाडून दिली.

“कदी पोचन मास्तर?”

“चार दिवसांत.”

“चार दिवस.” त्याने बोटांवर मोजलं. “मंग शुक्रवारी अकीलले तसं सांगतो.”

पावतीची बारीक घडी करून त्याने टोपीच्या दुमडीत ठेवली, टोपी घातली आणि सायकल ढकलत चढाला लागला.